आई-बाबांना मोठा आजार झाला, तर घरातल्या मुलाला काय सांगायचं?

कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की इंदूरच्या मराठी घरात दोन दिवसांत सगळी धावपळ ठरते. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (गाठीतून काढलेल्या तुकड्याचे नमुने) मुंबईला कोण नेणार, अवंतिका एक्स्प्रेसचं तत्काळ तिकीट मिळेल का, परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आसपास राहायची सोय कुठे, दादरच्या धर्मशाळेत जागा मिळेल का, दुकान कोण बघणार. तिसरीतल्या मुलीचा निर्णय मात्र एका वाक्यात होतो: "तिला काही सांगू नका, उगाच घाबरेल." मग तिचं दप्तर आणि चार फ्रॉक आत्याकडे सुदामानगरला पोचतात, आणि सगळ्यांना वाटतं, चला, एक काळजी मिटली.

असं म्हणण्यामागे माया असते, यात शंका नाही. पण मूल घाबरू नये म्हणून जे केलं जातं, त्यानेच ते जास्त घाबरतं. असं का होतं, आणि त्याऐवजी काय करायचं?

## मुलाला आधीच काय कळलेलं असतं

फोन आला की बाबा गॅलरीत जाऊन बोलतात. आजी देवापुढून लवकर उठत नाही. कपाटावर स्कॅनची मोठी पाकिटं दिसायला लागतात. एरवी मार्कांवरून ओरडणारे काका अचानक आईस्क्रीम घेऊन येतात. तीन वर्षांचं मूलसुद्धा यातलं बरंच टिपतं. त्याला फक्त या सगळ्याचं नाव माहीत नसतं.

नाव कुणी सांगितलं नाही, तर मूल स्वतः उत्तर शोधतं, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर निघतं. शिवाय त्याला आणखी एक गोष्ट कळते, की या विषयावर आपल्याला बोलता येणार नाही. म्हणजे भीती तशीच राहते आणि वर ती एकट्याने बाळगावी लागते. आई किंवा वडिलांच्या अखेरच्या आजाराबद्दल ज्या मुलांना सांगितलं होतं, त्यांच्यात न सांगितलेल्या मुलांपेक्षा चिंता कमी आढळली, असा अभ्यास १९८५ सालीच प्रसिद्ध झाला आहे. नॉर्वेने तर २०१० पासून कायदाच केला: गंभीर आजारी माणसावर उपचार करणाऱ्यांनी त्याच्या अल्पवयीन मुलांना काय माहिती आणि काय आधार हवा, याकडेही लक्ष द्यायचं. आपल्याकडे हे काम घरच्यांनाच करावं लागतं, तेही औषधं, पैसे आणि प्रवास यांच्या गर्दीत.

## कुठल्या वयाला किती समजतं

तीन वर्षांपर्यंत आजार म्हणजे काय हे कळत नाही, पण माणूस जवळ नाही हे कळतं. या वयाला समजावण्यापेक्षा झोपेची वेळ, भरवणारा हात आणि अंगाई तीच राहणं महत्त्वाचं.

तीन ते सहा या वयात मानसशास्त्रात ज्याला 'जादूचा विचार' म्हणतात तो जोरात असतो, म्हणजे आपल्या मनात आलं किंवा आपण बोललो म्हणून बाहेर काहीतरी घडलं, असं मुलाला खरंच वाटतं. "आई वाईट आहे" असं रागात म्हटलं आणि आठवड्याने आई हॉस्पिटलात गेली, तर मुलाच्या मनात हिशेब झालाच: माझ्यामुळेच. मरण म्हणजे कायमचं, हेही या वयाला पक्कं उमगलेलं नसतं.

सहा-सात वर्षांपासून पुढे कायमपणा कळू लागतो आणि त्याबरोबर शरीराविषयीचे नेमके प्रश्न येतात. गाठ कुठे आहे? कापून काढली तर परत येते का? सलाईनमध्ये काय असतं? नऊ ते बाराच्या मुलांना माहिती हवी असते, आणि अर्धवट दिली तर ती उरलेली वर्गमित्रांकडून मिळवतात.

किशोरवयाची गंमत (खरं तर गंमत नाहीच) अशी, की मुलाला सगळं कळतं, पण याच वयात त्याला घरापासून थोडं दूर जायचं असतं. मित्रांबरोबर राजवाड्यावर फिरायला गेलं तर अपराधी वाटतं आणि घरी बसलं तर गुदमरतं. रात्री मोबाइलवर आजाराचं नाव टाकून 'किती टक्के जगतात' हे वाचणारी हीच मुलं. त्यांना मोबाइल बंद कर म्हणून उपयोग नसतो. एका ओपीडीच्या भेटीला सोबत नेऊन स्वतःचा एक प्रश्न डॉक्टरांना विचारू दिला, तर जास्त काम होतं.

## न विचारलेले चार प्रश्न

वय कुठलंही असो, मुलाच्या मनात चार प्रश्न असतातच: माझ्यामुळे झालं का? मला होईल का? आता माझं कोण करणार? आणि आई बरी होणार का? मूल हे विचारीलच असं नाही, म्हणून न विचारता उत्तरं द्यायची.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत आधी, आणि अनेकदा. आपल्या घरांत एक वाक्य सर्रास ऐकू येतं: "तू त्रास देतोस ना, म्हणून आईची तब्येत बिघडते." शिस्तीसाठी वापरलेलं हे वाक्य मूल शब्दशः खरं धरतं. आजारपणाच्या काळात ते घरातून हद्दपार झालं पाहिजे, आजीच्या तोंडूनसुद्धा. 'नजर लागली', 'मागच्या जन्मीचं' हेही मुलासमोर नको, कारण मग मूल नजर कुणाची ते शोधत बसतं.

दुसऱ्याचं उत्तर सोपं: कॅन्सर शेजारी झोपल्याने, उष्टं खाल्ल्याने, पापा घेतल्याने होत नाही. टीबीसारखा आजार असेल तर उत्तर वेगळं, तिथे डॉक्टरांनी सांगितलेली काळजी मुलालाही समजावून सांगावी. मोठ्या मुली आणखी एक प्रश्न मनात ठेवतात, की आईला स्तनाचा कॅन्सर झाला म्हणजे मलाही होणार का. साधारण ५ ते १० टक्के कॅन्सरच वारशाने आलेल्या जनुकीय बदलामुळे होतात. घराण्यात बऱ्याच जणांना किंवा फार लहान वयात झाला असेल तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारायचं.

तिसऱ्या प्रश्नाला "आम्ही सगळे आहोत ना" हे उत्तर चालत नाही. सगळे म्हणजे मुलाच्या लेखी कुणीच नाही. सोमवार ते शनिवार डबा काकू करणार, स्कूलबसपर्यंत आबा सोडणार, गणित शेजारचा दादा घेणार, रात्री आजीजवळ झोपायचं. माणूस आणि वेळ ठरलेली हवी.

चौथ्या प्रश्नाकडे पुढे येऊ.

## पहिल्यांदा सांगताना

शक्यतो आजारी व्यक्तीने आणि दुसऱ्या पालकाने मिळून सांगावं. झोपायच्या आधी नको, शाळेची रिक्षा दारात उभी असतानाही नको. शनिवारी दुपार बरी, म्हणजे पुढे दीड दिवस मूल प्रश्न घेऊन येऊ शकतं. दहा मिनिटं पुरतात.

आजाराचं खरं नाव घ्यावं. 'बरं नाही' एवढंच सांगितलं, तर पुढच्या महिन्यात आजीला सर्दी झाली की मूल रडायला लागतं, कारण तिलाही बरंच नाही. आठ वर्षांच्या मुलाला असं सांगता येईल: "आईच्या छातीत एक गाठ झालीय. तिला कॅन्सर म्हणतात. तो कुणाच्या वागण्याने होत नाही. डॉक्टर सलाईनमधून औषध देणार, त्याला कीमो म्हणतात. वाफ्यातलं गवत उपटताना थोडी कोथिंबीरही उपटली जाते ना, तसं ते औषध गाठीबरोबर चांगल्या पेशींनाही थोडं मारतं. म्हणून केस गळतील, उलट्या होतील. केस नंतर परत येतात."

एवढं ऐकून मूल "मी खाली खेळायला जाऊ?" असं विचारतं आणि मोठ्यांना वाटतं, हिला काही कळलंच नाही. कळलेलं असतं. मुलं दुःख थोडं थोडं घेतात, मध्ये खेळतात, मग तीन दिवसांनी अंघोळ करताना अचानक प्रश्न विचारतात. त्या वेळी "तुला सांगितलं होतं ना" म्हणायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं.

सांगताना रडू आलं तर येऊ द्यावं. फक्त रडण्याचं कारण सांगावं: "मला वाईट वाटतंय म्हणून रडतोय. थोड्या वेळाने थांबेन, मग आपण जेवू."

## कीमोचं वेळापत्रक मुलालाही दिसलं पाहिजे

बऱ्याच कीमोंचं चक्र २१ दिवसांचं असतं. पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, म्हणजे जंतूंशी लढायची ताकद उतरलेली असते. शेवटचा आठवडा त्यातल्या त्यात बरा. हे मुलाला माहीत नसेल तर 'आई कधी बोलते, कधी बोलत नाही' याचा अर्थ ते स्वतःच्या वागण्याशी जोडतं.

भिंतीवरचं कालनिर्णय इथे फार कामाचं. मुलाकडूनच तीन रंगांचे ठिपके करून घ्यावेत: कीमोचा दिवस, जपायचे दिवस, बरे दिवस. जपायच्या दिवसांत रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आली, तर मुलाने काकाबरोबर जावं, घरी येऊन अंघोळ करून, कपडे बदलून मग आईजवळ बसावं. गेरच रद्द करायची गरज नाही. बऱ्या दिवसांत आईने स्वतः वेणी घालायची किंवा एक डाव पत्ते खेळायचे, हेही ठिपक्यासमोर लिहून ठेवता येतं.

केस साधारण पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात. शाळेतून आल्यावर अचानक टक्कल दिसण्यापेक्षा आधी एकत्र केस बारीक कापले आणि स्कार्फचा रंग मुलाने निवडला, तर धक्का कमी बसतो.

काही नियम मात्र कडक. कीमोनंतर ४८ तास उलटी, लघवी, शौच यांत औषधाचा अंश असतो. ती साफसफाई मोठ्या माणसाने हातमोजे घालून करावी, फ्लश झाकण लावून दोनदा करावा, खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. उलटीची बादली उचलणं किंवा कीमोच्या गोळ्या हातात देणं हे मुलाचं काम नाही. मिठी मारायला, शेजारी झोपायला हरकत नाही. बाहेरून आल्यावर २० सेकंद साबणाने हात धुवायचे, हा नियम मुलाला देता येतो, आणि आईला जपण्यात आपलाही वाटा आहे असं त्याला वाटतं. वर्गात कांजिण्या आल्या तर लगेच कळवायला वर्गशिक्षकांना सांगून ठेवावं. मुलाचं कुठलं लसीकरण बाकी असेल तर ते देण्याआधी घरी कीमो चालू असल्याचं बालरोगतज्ज्ञांना सांगावं.

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला तर हॉस्पिटलला लगेच फोन करायचा, आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, कारण त्याने ताप दबतो आणि संसर्ग आत वाढतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा आकडा आणि फोन नंबर माहीत असावा, तो फ्रिजवर चिकटवावा. पण ताप मोजायची जबाबदारी त्याच्यावर नको.

रेडिएशनबद्दल मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं की त्या मशीनमधून आलेल्या माणसाजवळ गेलं तर आपल्याला किरण लागतील. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने माणूस किरणोत्सर्गी होत नाही. त्याच दिवशी मांडीवर बसलं तरी चालतं. थायरॉइडसाठी दिलेलं रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीनचं औषध) मात्र वेगळं, तिथे काही दिवस मुलांपासून लांब राहावंच लागतं. पेट-स्कॅनच्या दिवशीही लहान मुलांपासून काही तास अंतर ठेवायला सांगतात. हे अंतर आधी सांगितलं नाही, तर मुलाला आपल्याला झिडकारलं असं वाटतं.

## आई मुंबईला, मूल इंदुरात

रेडिएशन बहुतेक वेळा सोमवार ते शुक्रवार, रोज काही मिनिटं आणि कित्येक आठवडे चालतं. म्हणून मुक्काम लांबतो. काही मिनिटांच्या उपचारासाठी दीड महिना का, हा मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हेच: डोस एकदम दिला तर शरीराला झेपत नाही, म्हणून थोडा थोडा देतात.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूल शाळेत असताना किंवा झोपल्यावर निघून जाणं. रडारड टळते, पण नंतर मूल झोपायलाच तयार होत नाही, कारण डोळे मिटले की माणसं जातात. अवंतिका संध्याकाळीच सुटते. मुलाने निरोप द्यावा, रडावं, आणि स्टेशनवरून परत आणणारं माणूस त्याच्या ओळखीचं असावं.

परतीची तारीख नक्की नसेल तर ती सांगू नये. "१५ तारखेला येऊ" म्हणून २८ला आलं, तर पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास कमी होतो. त्याऐवजी असं म्हणता येतं: "डॉक्टर गुरुवारी सांगतील. गुरुवारी रात्री आठला फोन करीन, नवीन काही कळलं तरी आणि नाही कळलं तरी." आणि तो फोन आठलाच करायचा. व्हिडिओ कॉलवर आधी खोली, खिडकी, ताट दाखवावं, मग चेहरा. "अभ्यास केलास का?" या प्रश्नाला मुलं 'हो' म्हणून फोन ठेवतात. दोन्हीकडे एकच चित्रकोडं किंवा एकच गोष्टीचं पुस्तक असलं तर बोलणं चालतं.

हॉस्पिटलात भेटायला न्यायचं असेल तर नळ्या, मशीनचा आवाज, आईचा सुजलेला हात यांचं आधी वर्णन करावं, जमल्यास फोटो दाखवावा. दहा-पंधरा मिनिटं पुरे. मुलाला मध्येच बाहेर यायचं असेल तर बाहेर आणणारा वेगळा माणूस हवा. नाही जायचं म्हणालं तर चिठ्ठी पाठवू द्यावी. अनेक हॉस्पिटलांत आयसीयूमध्ये लहान मुलांना सोडत नाहीत, तेव्हा दारावर जाऊन परत येण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

## "पण ते बाहेर बोलेल ना!"

बोलेल. लग्नाची आत्या, नोकरी, सोसायटीतल्या चौकशा, ही भीती खोटी नाही. पण "कुणालाही सांगायचं नाही" हे मुलाला शरमेसारखं ऐकू येतं. त्याऐवजी यादी द्यावी: आजी, वर्गशिक्षिका आणि अमुक मैत्रीण यांच्याशी काहीही बोल. बाकी कुणी विचारलं तर एवढंच म्हण, "आईवर उपचार चालू आहेत, बाबा सांगतील." तयार वाक्य जवळ असलं की मूल अडकत नाही.

शाळेला एक साधं पत्र द्यावं: आजार, उपचाराचा अंदाजे काळ, मुलाला काय माहीत आहे, कुणाला फोन करायचा. सीबीएसईच्या दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरी लागते. कमी पडली तर सवलतीची मागणी शाळेमार्फतच जाते, म्हणून अर्ज आणि हॉस्पिटलचे कागद वेळच्या वेळी जमा करावेत, फेब्रुवारीत धावाधाव नको.

## फार शहाणं झालेलं मूल

हट्ट बंद, तक्रार बंद, बारा वर्षांची मुलगी पोळ्या करते, आणि पाहुणे म्हणतात, "किती समंजस!" अशा मुलाची काळजी जास्त करावी. मूल घरातल्या मोठ्यांचं काम आणि मोठ्यांची चिंता दोन्ही उचलतं, याला भूमिकांची अदलाबदल म्हणतात. "आता तूच घरातला मोठा" हे मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलेलं वाक्य त्याची सुरुवात असते.

काम देऊच नये असं नाही. पाण्याची बाटली भरणं, फोन चार्जिंगला लावणं, आबांना पेपर वाचून दाखवणं ही लहान आणि संपणारी कामं मुलांना बरी वाटतात. रात्रीचं जागणं, मॉर्फिनच्या (तीव्र वेदनेवरच्या औषधाच्या) वेळा सांभाळणं, आईला शौचाला नेणं, बाबांना हसवत ठेवणं, यातलं काही मुलावर पडत असेल तर नातेवाइकांना नुसतं "काही लागलं तर सांगा" म्हणू देऊ नये. मंगळवार-शुक्रवारचा स्वयंपाक तुमचा, असं सांगूनच टाकावं.

पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, मार्क उतरणं, चिडचिड हे काही दिवस चालतं. झोप, जेवण, शाळा किंवा खेळणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं राहिलं, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग गाठावा. १४४१६ ही टेली-मानसची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. मूल मरायची किंवा स्वतःला इजा करायची भाषा बोललं तर मात्र त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नये.

## "आई मरणार का?"

"छे छे, असं बोलू नये" हे उत्तर प्रश्न बंद करतं, भीती नाही. आधी उलट विचारावं, "तुला असं का वाटलं?" कधी कधी शाळेत कुणी काही बोललेलं असतं, तेवढंच दुरुस्त करायचं असतं.

मग आजाराच्या टप्प्याप्रमाणे खरं सांगावं. उपचार नुकते सुरू असतील तर: "काही लोक या आजाराने मरतात, पुष्कळ बरे होतात. डॉक्टरांना वाटतंय औषध लागू पडेल. काही बदललं तर तुला सांगीन." औषध लागू पडत नसेल तर: "गाठ कमी होत नाहीये. दुसरं औषध देतोय. आम्हालाही काळजी वाटतेय." 'नक्की बरी होईल' हे वचन कुणीच देऊ नये, अगदी नवस बोललेला असला तरी.

शेवट जवळ आला असेल तर ते मुलाला सगळ्यांत शेवटी कळता कामा नये. 'झोपली', 'लांब गेली' असे शब्द टाळावेत, कारण मूल झोपायला घाबरतं किंवा वाट पाहतं. शरीर बंद पडलं, श्वास थांबला, आता दुखत नाही, भूक लागत नाही, परत सुरू होणार नाही, हे आधी. 'देवाघरी' घरच्या श्रद्धेप्रमाणे त्यानंतर.

अंत्यविधीला न्यायचं की नाही हे मुलाला काय दिसणार ते सांगून विचारावं. अग्नी दिल्यावर आईला भाजणार नाही, हे वेगळं सांगावं लागतं, मोठ्यांना ते सुचत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर मडकं देण्याआधी त्याला विधी समजावून सांगावा आणि नको म्हणायची मुभा द्यावी. काकाने सोबत हात लावला तर गुरुजी सहसा अडवत नाहीत. बरोबर फक्त त्याच्यासाठी असलेलं एक माणूस हवं, जे केव्हाही त्याला घेऊन बाहेर जाऊ शकेल.

## उपचार संपले, आणि मूल बिघडलं

हे पुष्कळ घरांत होतं आणि सगळे चक्रावतात. आई बरी, केस आलेत, पाहुणे बंद, आणि शहाणं मूल आता भांडतंय, दप्तर फेकतंय. वर्षभर दाबून ठेवलेलं आता बाहेर काढायला त्याला सुरक्षित वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. वागण्याच्या मर्यादा नेहमीच्याच ठेवाव्यात, फार सूट नको, जास्तीची शिक्षाही नको.

पहिली दोनेक वर्षं बहुतेकांना दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. पुन्हा तिकिटं, पुन्हा फाइल, आणि मुलाच्या पोटात पुन्हा गोळा. लहानांना तारीख दोन-तीन दिवस आधी सांगावी, मोठ्यांना आठवडाभर आधी. रिपोर्ट कळला की त्याच संध्याकाळी मुलाला फोन करावा, रिपोर्ट चांगला असला तरीही. चांगल्या बातमीचा फोन करायला मोठी माणसं हमखास विसरतात, आणि मूल रात्री उशिरापर्यंत जागं राहतं.